मुंबईत येताना कपड्यांचा हिशेब जुलैपासून करा

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. तू नागपूरची, १ जूनला लोअर परळच्या ऑफिसात रुजू होणार, राहणं मुलुंडला पीजीत. तिथे कपाटाचा एक खण आणि मोजके हँगर. नेटवर तुला ‘कॅप्सूल वॉर्डरोब’ची एक यादी सापडली, तीत ब्लेझर, ट्रेंच कोट, पांढरा शर्ट, बेज पँट धरून तीस-तेहतीस कपडे आहेत. ती यादी पाळू का, घरून काय आणू आणि इथे काय घेऊ, असं तू विचारतेस.

मी दादरला बायकांचे कपडे शिवते. बाहेरगावाहून नोकरीसाठी आलेल्या मुलींना कपाट लावून देणं हाही गेली बरीच वर्षं माझ्या कामाचा भाग आहे. माझं उत्तर असं: ती यादी बाजूला ठेव आणि जुलै महिना डोळ्यांसमोर आण. बंद खोलीत, पंख्याखाली, बाहेर धो धो पाऊस असताना जो कपडा एका रात्रीत किंवा फार तर दीड दिवसात सुकतो, तोच मुंबईत तुझ्या कामाचा. किती कपडे, कोणतं कापड, कोणता रंग हे सगळं त्यावरून ठरतं.

तुझ्या यादीचा उगम थंड देशांत आहे. ही कल्पना १९७०च्या दशकात लंडनमध्ये रुजली आणि १९८५ साली न्यूयॉर्कमध्ये डोना कॅरननं सात कपड्यांचा संच काढल्यावर जगभर गेली. तिकडे शर्टावर स्वेटर, स्वेटरवर कोट असे थर चढवून थोड्या कपड्यांत पुष्कळ जोड्या होतात. घाम कमी, त्यामुळे पँट तीन-चार वेळा घालून मग धुतली तरी चालतं. मुंबईत थर चढवायची सोय नाही आणि एकदा घातलेला कपडा दुसऱ्या दिवशी अंगाला लावावासा वाटत नाही. थोडे कपडे, सगळे एकमेकांवर जाणारे, हा विचार चांगलाच आहे. आकडे मात्र आपले आपण काढायचे.

आधी हवेबद्दल, कारण नागपूरच्या मुलीला इथे पहिला धक्का हवेचाच बसतो. मे महिन्यात नागपूरचं सरासरी कमाल तापमान ४२-४३ अंश असतं, मुंबईचं ३३-३४. आकडे पाहून वाटतं, मुंबई सोपी. पण नागपूरची हवा कोरडी असते. घाम येतो आणि लगेच उडतो, अंग गार होतं. म्हणून तिकडे पूर्ण बाहीचा सुती कुर्ता आणि तोंडाभोवती दुपट्टा हा शहाणपणाचा वेश आहे, तो उन्हापासून वाचवतो. मुंबईत हवेतच एवढं बाष्प असतं की घाम उडत नाही, अंगावरून ओघळतो. इथे कपड्याचं पहिलं काम अंग आणि कापड यांच्यामध्ये हवा खेळती ठेवायचं. त्यामुळे तोच पूर्ण बाहीचा कुर्ता इथे पाठीला चिकटतो. गंमत म्हणजे याच दमट हवेनं मुंबईला कापडाचं शहर केलं. सुती धागा दमट हवेत कमी तुटतो, हे इथे गिरण्या फोफावण्याचं एक कारण होतं. तुझं ऑफिस जिथे आहे त्या लोअर परळमधले कितीतरी काचेचे टॉवर जुन्या गिरण्यांच्या जागेवर उभे आहेत.

आता हिशेब. मुंबईत सांताक्रूझला पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातले आठशेहून जास्त एकट्या जुलैत. नागपूरला वर्षभरात पडतो साधारण एक हजार ते अकराशे. मुंबईत मान्सून येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून, म्हणजे तू रुजू झाल्यावर जेमतेम दहा दिवसांत.

समजा, तू दर तिसऱ्या दिवशी कपडे धुतेस. धुण्याच्या दोन फेऱ्यांमधले तीन दिवस, सुकायला दोन दिवस आणि चिंब भिजून आल्यावर बदलायला दोन जादा: एकूण सात. त्यात एक शनिवार-रविवारचा मिळव, म्हणजे वरचे आठ कपडे. पीजीत आठवड्यातून एकदाच मशीन मिळत असेल तर बारा लागतील. तेव्हा खोली ठरवताना भाड्याइतकंच हेही विचार: कपडे कुठे वाळत घालायचे, दोरीवर पंख्याचा वारा येतो का, मशीन किती वेळा मिळतं? या तीन उत्तरांनी तुझा खर्च दोन-तीन हजारांनी इकडेतिकडे होईल.

खालच्या कपड्यांत मात्र प्रचलित हिशेब उलटा होतो. सगळीकडे सांगतात की तीन वरचे कपडे असले की एक पँट पुरते. मुंबईच्या पावसात आधी भिजते आणि आधी मळते ती पँट. छत्री कितीही मोठी असो, गुडघ्याखाली ती काही वाचवत नाही. करी रोड स्टेशनला उतरून ऑफिसपर्यंत चालत जाशील तेवढ्यात पोटरीपर्यंत चिखलाचे शिंतोडे उडालेले असतील. म्हणजे पावसाळ्यात पँट रोज धुवायची, आणि सुकायलाही तिलाच सगळ्यांत जास्त वेळ, कारण कमरपट्टा, खिसे आणि जाड शिवणी. म्हणून पाच घे, पाचांच्या खाली येऊ नकोस. पैकी दोन गडद रंगाच्या, घोट्याच्या वर संपणाऱ्या, पॉलिस्टर-व्हिस्कोसच्या सरळ पँट.

हे वाचून दचकशील, कारण मी सुतीचा आग्रह धरेन असं तुला वाटलं असणार. अंगाच्या वरच्या भागाला मी पॉलिस्टर लावू देणार नाही. ते घाम शोषत नाही, काखेतला वास धरून ठेवतं आणि धुतल्यावरही तो पुरता जात नाही. पण पोटरीपाशी घामाचा प्रश्न कमी आणि पावसाचा जास्त. जो धागा पाणी पीत नाही, तो लवकर सुकतो. तिथे मिश्र कापड उत्तम काम देतं. उरलेल्या तीनपैकी एक सुती पॉपलिनची, एक सैल पलाझो ऑक्टोबरनंतरसाठी आणि एक जीन्स. जीन्स आठ औंसांच्या आसपासच्या पातळ डेनिमची घे. नागपूरची जाड जीन्स जुलैत तीन दिवस दमट राहते आणि मग तिला जो कुबट वास येतो तो लोकलच्या डब्यातल्या सगळ्या बायकांना कळतो. तुझ्या यादीतली बेज पँट तर नकोच. तिच्यावर इथल्या चिखलाचा एकेक ठिपका मोजता येतो.

वरचे आठ कपडे कसे निवडायचे? पाच कुर्ते, तीन शर्ट किंवा टॉप. मलमल, वॉइल, केम्ब्रिक, पातळ खादी ही कापडं हलकी, हवा जाऊ देणारी आणि लवकर सुकणारी. मलमल पारदर्शक असते, म्हणून आत अस्तर लागतं, आणि इथेच बहुतेक तयार कुर्ते फसवतात: वर सुंदर सुती कापड आणि आत पॉलिस्टरचं क्रेप अस्तर. दुकानात कुर्ता उलटा करून पाहायची सवय लाव. शिवून घेत असशील तर अस्तरही मलमलीचंच मागून घे, किंवा अस्तर टाळून आत सुती स्लिप घाल. स्लिप वेगळी धुता येते, वेगळी सुकते.

रेयॉनबद्दल स्वतंत्र सांगते, कारण बाजारात सध्या निम्मे कुर्ते रेयॉनचे दिसतील. हाताला गार लागतं, अंगावर छान पडतं, छपाई खुलते. ऑक्टोबर ते मे जरूर घाल. पण रेयॉन पाणी खूप पितं आणि ओलं असताना त्याचा धागा कमजोर होतो. ओला कुर्ता हँगरवर टांगला की स्वतःच्या वजनानं लांबतो, पिळला की शिवणीपाशी उसवतो. जुलैत रोज धुवायच्या कपड्यात ते नको. आठांत फार तर दोन. लिनन मला स्वतःला प्रिय. ओलावा घेतं आणि सोडतंही झटपट. पण सकाळच्या गर्दीच्या लोकलमधून उतरल्यावर त्याच्या सुरकुत्या पाहून जिचा जीव कासावीस होतो, तिनं सुती-लिनन मिश्र घ्यावं.

दुकानात कापडाची पारख करायला फार काही लागत नाही. कोपरा मुठीत दहा सेकंद दाबून सोड, किती चुरगळतं ते पाहा. पाण्याचा एक थेंब टाक. शोषला गेला तर अंगावरचा घामही शोषला जाईल, मोत्यासारखा वर राहिला तर ठेवून दे. मीटरवर कापड घेतलं असेल तर घरी दोन धागे काढून जाळ: सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिस्टर वितळून कडक गोळी उरते. कापडासाठी क्रॉफर्ड मार्केटजवळचं मंगलदास मार्केट, ड्रेस मटेरियलसाठी दादरचं हिंदमाता. तयार टॉप-शर्टांना फॅशन स्ट्रीट किंवा लिंकिंग रोड चालेल, पण तिथे शिवणी तपासून घे.

शिवून घेणार असशील तर टेलरला हे सांग. कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच कातरायचं, म्हणजे नंतर आटत नाही. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो भाग, नेहमीपेक्षा अर्धा इंच सैल, कारण घामाचा डाग आणि फाटणं दोन्ही काखेतून सुरू होतं. बाही कोपरापर्यंत. लांबी गुडघ्याच्या आसपास. घोट्यापर्यंतचा घेरदार कुर्ता लोकलच्या पायरीवर पायात येतो आणि पावसात पाणी ओढतो. खिसा मात्र हवाच, तोही बाजूच्या शिवणीत खोल, चेन लावलेला. आत दोन्ही बाजूंना इंचभर माया, म्हणजे शिवणीत जादा कापड, ठेवायला सांग. नवीन नोकरी, नवीन जेवण, पहिल्या वर्षात माप बदलतंच.

रंगांकडे येते. राखाडी आणि मध्यम निळा या दोन रंगांवर घाम सगळ्यांत जास्त दिसतो. नेव्ही, काळा, गडद मरून, पांढरा आणि बारीक छपाई यांवर फारसा दिसत नाही. पांढरा वर चालेल, खाली पावसात नको, भिजला की आरपार दिसतो. मूळ रंग म्हणून मी नेव्ही आणि मरून सुचवेन. या दोन्हींवर पिवळा, हिरवा, गुलाबी, मोरपंखी सगळं जातं. नीळ किंवा नैसर्गिक रंगाची छपाई आवडत असेल (बगरू, दाबू, अजरख, मला तर फार आवडतात) तर पाऊस सुरू होण्याआधी चार-पाच वेळा वेगळं धुऊन जादा रंग काढून टाक. ओला पांढरा रुमाल घासून पाहा. रुमालाला रंग लागणं थांबलं की मग घाल. नाहीतर भिजल्यावर तो रंग तुझ्या बॅगेला आणि शेजारणीच्या ड्रेसलाही लागेल. मिठाच्या पाण्यात घालून रंग पक्का होतो असं सांगतात, त्यावर विसंबू नकोस.

तुझ्या यादीत सण कुठेच नव्हते, आणि मुंबईत ते विसरून चालत नाही. नवरात्रात रोजचा ठरलेला रंग घालून अख्खा लेडीज डबा एका रंगात रंगतो. पहिल्या वर्षी तुला ते पाहूनच आपण इथल्या झालो असं वाटेल. त्यासाठी नऊ ड्रेस घ्यायची गरज नाही. पाच कुर्त्यांचे रंग पाच वेगळे निवड, त्यात एक पिवळा आणि एक हिरवा असू दे. उरलेले रंग ओढण्या आणि स्टोल सांभाळतात. संक्रांतीला काळं लागतं, तो कुर्ता एरवी ऑफिसात चालतोच. गणपती येतात ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे पावसातच. घरोघरी दर्शनाला जाताना जरीची जड साडी भिजवायची नसेल तर माहेश्वरी किंवा सुती इरकल नेस. दोन्ही हलक्या. साड्या तिनाहून जास्त या खणात ठेवू नकोस. ब्लाऊज प्रत्येकीवर वेगळा न शिवता एक काळा आणि एक मरून खणाच्या कापडाचा शिव, दोनांत तिन्ही साड्या भागतात. आईची पैठणी नागपूरलाच राहू दे. तिथली कोरडी हवा जरीला मानवते; इथल्या दमटपणात ती लवकर काळवंडते. लग्नाला लागली की आणायची आणि परत पाठवायची.

ओढणीचं काय करायचं हे लोकलमध्ये चढताना पहिल्याच आठवड्यात कळेल. गर्दीत ती कुणाच्या तरी बॅगेच्या चेनमध्ये अडकते, आणि दरवाज्यापाशी तर ते धोक्याचं आहे. प्रवासात ओढणी बॅगेत, किंवा दोन्ही खांद्यांवर पिन लावून. रोजच्यासाठी मलमलीचा एक मोठा स्टोल घे. ऑफिसच्या एसीत खांद्यावर, रात्री उशिराच्या गाडीत कानांवर, साध्या कुर्त्यावर रंग म्हणून. थंडीचा बंदोबस्त म्हणून एवढा पुरतो. जानेवारीत पहाटे पारा १६-१७ अंशांपर्यंत येतो आणि मुंबईकर त्यावरही स्वेटर काढतात, पण तुझी नागपूरची लोकर इथे आणून बुरशीला देऊ नकोस. ब्लेझर ऑफिसला लागत असेल तर एकच, अस्तर नसलेला, आणि तो ऑफिसच्या खुर्चीवरच राहू दे.

ऑफिसातच आणखी एक गोष्ट ठेव. एक पूर्ण जोड: कुर्ता, पँट, आतले कपडे, कोरडी चप्पल, लहान टॉवेल. भिजल्या कपड्यांत एसीखाली आठ तास बसणं म्हणजे आजाराला आमंत्रण. ही जोड वरच्या हिशेबातलीच एक धर आणि वापरली की दुसऱ्या दिवशी दुसरी नेऊन ठेव.

आतल्या कपड्यांबद्दल कुणी लिहीत नाही, आणि पावसाळ्यात सगळ्यांत जास्त तेच नडतात. जाड फोमच्या ब्रा दोन-तीन दिवस सुकत नाहीत. दमट कपडा तसाच घातला की मांड्यांत, काखेत, छातीखाली नायटा व्हायला वेळ लागत नाही. पातळ सुती, बिनपॅडच्या पाच-सहा ब्रा आणि दहा-बारा पँटी ठेव. पैसे कमी पडले तर एक कुर्ता कमी कर, यात काटकसर नको.

पायात पावसाळ्यासाठी एक मागून पट्टा असलेली रबरी किंवा ईव्हीएची (हलक्या फोमची) सँडल, तळ खाचांचा. कोल्हापुरी आणि चामड्याचे बूट जूनच्या पहिल्या आठवड्यात पुसून, कोरडे करून, कागद भरून वर ठेवायचे ते थेट ऑक्टोबरात काढायचे. साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर घरी येऊन साबणानं पाय धू. पायाला जखम असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव, कारण उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) याच पाण्यातून होतो. छत्री तीन घड्यांची पण मजबूत काड्यांची घे. समुद्राकडून वारा सुटला की स्वस्त छत्री उलटी होते.

कपाटाच्या खणाकडेही लक्ष दे. कपडा पुरता कोरडा झाल्याशिवाय घडी घालायची नाही. शंका असली तर इस्त्री फिरव, तिनं उरलेला दमटपणा जातो. खण भिंतीला लागून असेल तर कपडे भिंतीपासून दोन बोटं पुढे लाव, ओल भिंतीतून येते. वाळलेला कडुलिंब, वेखंड किंवा कापूर ठेव. तो कपडे खाणाऱ्या कसरीसाठी. बुरशीवर उपाय कोरडी हवाच, म्हणून पाऊस उघडला की दार उघडं टाक. ऑक्टोबरात ऊन तापलं की सगळा खण रिकामा करून कपड्यांना ऊन दाखव.

आता खरेदीचा क्रम, कारण सगळं एकदम घ्यायचं नाही. तुझ्याकडे आहेत त्यांतले चार-पाच पातळ सुती कुर्ते आण, लांब बाह्या असतील तर तिकडच्या टेलरकडून कोपरापर्यंत करून घे. इतवारीत चांगलं सुती कापड मिळतं, दोन कुर्त्यांचं घेऊन भिजवून ठेव. इथे पोचल्यावर पहिल्या आठवड्यात पावसाळी सँडल, छत्री आणि दोन मिश्र कापडाच्या पँट. बाकीच्या गोष्टी पहिल्या पगारानंतर, महिनाभर ऑफिसातल्या बायका काय घालतात ते पाहून. लोअर परळमध्ये एकाच इमारतीत एका मजल्यावर शर्ट-ट्राउझर आणि दुसऱ्यावर कुर्ता-जीन्स चालते, ते बाहेरून कळत नाही. पलाझो, रेयॉनचे कुर्ते, साड्या आणि ब्लाऊज यांची घाई नाही. दिवाळीला नागपूरला जाशील तेव्हा जाड जीन्स आणलीच असशील तर तिकडे ठेव आणि साड्या घेऊन ये.